‘दियाना’ची अखेर आणि ‘हेदा’चा जन्म

‘त्सुनामी’ हा शब्द भारतात घरोघरी पोहोचला तो २६ डिसेंबर २००४ नंतर. त्या दिवशी अंदमान-निकोबार बेटांवर आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जो प्रलय झाला, त्याने भूगोलाच्या पुस्तकातला हा शब्द लोकांच्या तोंडी आणून बसविला. मूळ जपानी भाषेत ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. बंदरातील लाट, एवढाच त्याचा साधा अर्थ. पण ह्या साध्या अर्थामागे जपानच्या कोळ्यांचा शतकानुशतकांचा अनुभव आहे. खोल समुद्रात जाळे टाकून बसलेल्या कोळ्याच्या होडीखालून ही लाट निघून जाते आणि त्याला तिचा पत्ताही लागत नाही. संध्याकाळी होडी वळवून तो घरी परततो, तेव्हा मात्र गावच जागेवर नसते. वादळ उठले म्हणजे जहाजाने बंदराचा आसरा धरावा, हा जगभरच्या दर्यावर्दी लोकांचा नियम. ही लाट तो नियमच उलटा करते. तिच्यापुढे समुद्र निर्धास्त आणि बंदर धोक्याचे ठरते.

ह्या उलट्या नियमाचा प्रत्यय एका रशियन शिडाच्या युद्धनौकेला जपानमधील शिमोदा बंदरात १८५४ च्या डिसेंबरात आला. तिचे नाव ‘दियाना’. तिला वाचविण्यासाठी त्यानंतर चार आठवडे जी धडपड झाली, तिची ही हकीकत आहे. ह्या धडपडीला शेवटी यश आले नाही. तरीही जपानच्या नौकानयनाच्या इतिहासात ह्या अपयशाला एखाद्या विजयापेक्षा मोठे स्थान मिळाले आहे. ते कसे, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जपान दोनशेहून अधिक वर्षे परकीयांना दारे बंद करून बसला होता. नागासाकीच्या बंदरात डच आणि चिनी व्यापाऱ्यांना मर्यादित प्रवेश होता; बाकीच्या बहुतेक जगाला मज्जाव होता. जपानी माणसाने परदेशी जाऊ नये, गेल्यास परत येऊ नये, असा कायदा होता. मोठी जहाजे बांधण्यावरही १६३५ पासून निर्बंध होते. जुलै १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी आपल्या काळ्या युद्धनौका घेऊन एडोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, उपसागराच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि ह्या बंद दारावर पहिली मोठी थाप पडली. त्याच्या मागोमाग, ऑगस्ट १८५३ मध्ये, रशियाचा दर्यासारंग येव्फिमी पुत्यातिन नागासाकीस आला. त्याला व्यापाराचा तह हवा होता, तसाच रशिया आणि जपान ह्यांच्यामधील बेटांच्या सीमेचा निवाडाही हवा होता. पेरीने तोफांचा धाक घातला. पुत्यातिनने कायदा मानून, जपानी सरकारने नेमून दिलेल्या बंदरातच नांगर टाकला. हा फरक जपानी अधिकाऱ्यांच्या नजरेतून सुटला नाही.

पुत्यातिन प्रथम ज्या जहाजातून आला, ते ‘पल्लादा’ हे १८३२ सालचे जहाज आता जीर्ण झाले होते. विख्यात रशियन कादंबरीकार इव्हान गोंचारोव्ह हा त्या जहाजावर पुत्यातिनचा चिटणीस होता आणि त्या प्रवासावर त्याने लिहिलेला ग्रंथ आजही वाचला जातो. १८५४ च्या उन्हाळ्यात ‘पल्लादा’ निकालात निघाले. गोंचारोव्ह सैबेरियाच्या मार्गाने मायदेशी परतला, आणि ‘पल्लादा’ची जागा नव्या कोऱ्या ‘दियाना’ने घेतली. आर्खांगेल्स्क येथे बांधलेल्या आणि १८५२ मध्ये पाण्यात उतरविलेल्या ह्या जहाजावर बावन्न तोफा होत्या आणि पाचशेच्या आसपास माणसे होती. कप्तानाचे नाव स्तेपान लेसोव्स्की.

दरम्यान युरोपात क्रिमियाचे युद्ध भडकले होते. मार्च १८५४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स रशियाविरुद्ध युद्धात उतरले, आणि त्यांच्या युद्धनौका पॅसिफिक महासागरात रशियन जहाजांच्या शोधात फिरू लागल्या. अशा वेळी एकट्या जहाजानिशी जपानच्या किनाऱ्यावर तहाची बोलणी करीत राहणे हे धाडसच होते. ‘दियाना’ प्रथम हाकोदाते येथे गेली, तेथून ओसाकाच्या उपसागरात शिरली. सम्राटाच्या क्योतो नगरीच्या इतक्या जवळ परकीय युद्धनौका आलेली पाहून जपानी सरकारची तारांबळ उडाली. बोलणी शिमोद्यास होतील, असा निरोप आला, आणि डिसेंबर १८५४ च्या आरंभी ‘दियाना’ शिमोद्याच्या बंदरात येऊन दाखल झाली.

शिमोदा हे इझू द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळचे लहानसे गाव. पेरीने मार्च १८५४ मध्ये केलेल्या तहाने ते अमेरिकन जहाजांना नुकतेच खुले झाले होते. तिन्ही बाजूंनी डोंगर, मध्ये सुमारे पावणेनऊशे घरांची वस्ती, आणि समोर दक्षिणेकडे तोंड उघडे असलेला उपसागर. जपान सरकारने वाटाघाटींसाठी जे अधिकारी पाठविले, त्यांत कावाजी तोशिआकिरा हा मुख्य बोलणारा होता. हा मोठा विचक्षण, विनोदी आणि तितकाच कडक मनुष्य होता. नागासाकीला त्याची आणि पुत्यातिनची गाठ पडलीच होती. २२ डिसेंबर रोजी बोलणी सुरू झाली. दोन्ही पक्ष एकमेकांना जोखीत होते. रशियन प्रतिनिधीच्या मागे बंदरात उभी असलेली बावन्न तोफांची नौका होती. त्याच्या शब्दाचे वजन पुष्कळसे तिच्यावर अवलंबून होते.

दुसऱ्या दिवशी, २३ डिसेंबर १८५४ रोजी, सकाळी नऊच्या सुमारास जमीन हादरली. फिलिपीन समुद्राखालील भूपृष्ठाचा पत्रा जपानखाली सरकत जातो, तेथे सुरुगा आणि नानकाई ह्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या खोल घळी समुद्रतळाशी आहेत. त्या दिवशी त्यांपैकी पूर्वेकडचा मोठा पट्टा एकाएकी सुटला. आजचे शास्त्रज्ञ ह्या भूकंपाची तीव्रता ८.४ च्या आसपास मानतात. जहाजावर तो धक्का डेक थरथरल्यासारखा जाणवला. पण थोड्या वेळाने बंदराच्या तोंडातून समुद्र फुगत आत येऊ लागला. किनाऱ्यावरील होड्या उचलल्या गेल्या, घरांच्या दारांतून पाणी शिरले, आणि मग ते सारे पाणी तितक्याच वेगाने मागे ओढले गेले. पहिल्या लाटेने गाव भिजविले. त्यामागून आलेल्या दुसऱ्या, मोठ्या लाटेने गाव उचलून नेले. लाटा एकामागून एक दुपारपर्यंत येत राहिल्या. अखेरीस पाणी ओसरले, तेव्हा सगळ्या शिमोद्यात जेमतेम चार घरे शाबूत राहिली होती. सुमारे शंभर माणसे प्राणाला मुकली. चार हजारांच्या आतबाहेरच्या वस्तीत हा आकडा त्या मानाने लहान वाटतो. त्याचे कारण असे की, भूकंप होताच डोंगराकडे धावावे, ही शिकवण तेथील लोकांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेली होती.

‘दियाना’ला मात्र धावायला डोंगर नव्हता. पाणी आत येताना आणि बाहेर जाताना बंदरात प्रचंड भोवरे उठले आणि त्यांत दोन हजार टनांची ही नौका भोवऱ्यासारखी फिरू लागली. अर्ध्या तासात तिने स्वतःभोवती चाळीसहून अधिक फेरे घेतल्याची नोंद जहाजावरील अधिकाऱ्यांनी केली आहे. नांगरांच्या साखळ्या एकमेकींत गुंतून त्यांचा पीळ झाला. पाण्याची खोली क्षणाक्षणाला बदलत होती; मधूनच तळ उघडा पडे आणि जहाज कुशीवर आडवे होई, मग पुन्हा पाणी येऊन ते उभे करी. अशाच एका हिसक्यासरशी एक तोफ आपल्या बांधणीतून सुटली आणि तिच्याखाली एक खलाशी चिरडून मेला. आणखी काही जायबंदी झाले. सुकाणू निखळून गेले. ज्या लांब तुळईवर सारे जहाज उभे राहते, जिला कोकणचे गलबत बांधणारे सुतार पठाण म्हणतात, तिचा मोठा भाग तुटून वर तरंगत आला. तळाच्या भेगांतून पाणी आत घुसू लागले.

अशा अवस्थेतही दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा परिणाम पुढे तहापेक्षाही दूरवर पोहोचला. पहिली ही की, ज्या जहाजाला स्वतःच्या जिवाची शाश्वती नव्हती, त्यावरील खलाशांनी उद्ध्वस्त घरांच्या छपरांवर आणि फळकुटांवर वाहत चाललेल्या काही जपान्यांना दोर टाकून वर घेतले. दुसरी ही की, त्याच दिवशी पुत्यातिन आपल्या डॉक्टरला घेऊन किनाऱ्यावर गेला आणि गावातील जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी त्याने दाखविली. कावाजी स्वतः जीव घेऊन डोंगरावर चढला होता. परकीयांविषयी त्याच्या दैनंदिनीत पूर्वी तुच्छतेचे शब्द आहेत. पण ह्या संकटानंतर पुत्यातिन हा खरोखर थोर पुरुष होय, अशा अर्थाची कबुली त्याने तिच्यात दिली आहे. आदल्या दिवशी जे एकमेकांना जोखीत होते, ते आता एकाच चिखलात उभे होते.

दुसऱ्या दिवशी, सुमारे बत्तीस तासांच्या अंतराने, पश्चिमेकडचा पट्टाही सुटला आणि नैर्ऋत्य जपानवर दुसरा, तितकाच मोठा भूकंप कोसळला. कीई प्रांतातील एका गावात हामागुची गोर्यो ह्या गृहस्थाने भाताच्या गंजी पेटवून अंधारात चुकलेल्या लोकांना उंचावरची वाट दाखविली, ती कथा ह्याच दुसऱ्या भूकंपाची. तो दिवस जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे अकराव्या महिन्याची पंचमी होता, आणि त्याच्याच स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन म्हणून ठरविला.

इकडे शिमोद्यात ‘दियाना’ वाचविण्याचे काम सुरू झाले. बुडू पाहणारे लाकडी जहाज वाचवायचे तर प्रथम दोन गोष्टी कराव्या लागतात: आत येणारे पाणी रोखायचे आणि जहाजावरचा भार उतरवायचा. खलाशी रात्रंदिवस पंप मारीत राहिले. एक जाड शीड जहाजाच्या तळाखालून ओढून, आत येणाऱ्या पाण्याच्याच दाबाने ते भेगांवर घट्ट बसेल, अशी योजना केली गेली. मग तोफा उतरवून किनाऱ्यावर ठेवण्यात आल्या. म्हणजे ज्या तोफांच्या बळावर बोलणी व्हायची, त्या आता जपानी किनाऱ्यावर, जपानी पहाऱ्यात पडल्या! तुटलेल्या सुकाणूच्या जागी कामचलाऊ सुकाणू बसविले. परंतु खरी दुरुस्ती तळाची होती, आणि तिच्यासाठी जहाज उथळ पाण्यात आणून कुशीवर कलते करणे आवश्यक होते. शिमोद्याचे उघडे बंदर ह्या कामाला निरुपयोगी होते. शिवाय इंग्रज अथवा फ्रेंच जहाजाने ह्या अवस्थेत ‘दियाना’ला गाठले असते, तर लढण्याचाही प्रश्न उरला नसता. तेव्हा आडोशाचे आणि सहसा कुणाच्या दृष्टीस न पडणारे बंदर हवे होते.

शोध घेता इझूच्या पश्चिम किनाऱ्यावरील हेदा हे कोळ्यांचे गाव पसंत पडले. तेथे वाळूची एक लांब जीभ समुद्रात वळली आहे आणि तिच्या आत तळ्यासारखे शांत पाणी आहे. जपानी सरकारनेही ह्या जागेस मान्यता दिली. १४ जानेवारी १८५५ रोजी लंगडी ‘दियाना’ शिमोदा सोडून निघाली.

अंतर फार नव्हते. पण हेदाजवळ पोहोचता पोहोचता वारा फिरला आणि वादळ उठले. कामचलाऊ सुकाणूवर भिस्त असलेले जहाज वाऱ्याने हेदाच्या पुढे, थेट सुरुगा उपसागराच्या उत्तर टोकाकडे ढकलत नेले. फुजी पर्वताच्या पायथ्याशी, मियाजिमा गावासमोर, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर त्याने नांगर टाकले. किनारा समोर दिसत होता, पण फुटणाऱ्या लाटांतून होडी उतरविणे म्हणजे मरणाला बोलावणे होते. आणि आत पाणी तर सतत वाढत होते. शेवटी काही निवडक खलाशी दोराचे एक टोक घेऊन होडीत बसले. ते किनाऱ्याजवळ येताना पाहून मियाजिमाचे गावकरी कंबरेला दोर बांधून लाटांत उतरले आणि त्यांनी ती होडी माणसांसकट वर खेचली. मग त्या दोराच्या आधाराने होड्या जा-ये करू लागल्या आणि सारे खलाशी किनाऱ्याला लागले. हे गावकरी स्वतः तीन आठवड्यांपूर्वीच्या भूकंपाने घरांना मुकलेले होते. कडाक्याच्या थंडीत भिजलेल्या परक्यांना त्यांनी आपली पांघरुणे आणि अन्न दिले. जहाजावरील धर्मगुरू वासिली माखोव ह्याने आपल्या आठवणींत ह्या माणुसकीचे वर्णन मोठ्या कृतज्ञतेने केले आहे.

ह्याच दिवसांत, १५ जानेवारी १८५५ रोजी, संकटांच्या मालिकेने धास्तावलेल्या जपानी दरबाराने शकाचे नावच बदलले. चालू ‘काएई’ शक संपवून ‘आनसेई’, म्हणजे शांततेचे राज्य, असे नवे नाव धारण केले. पण निसर्गाने ते मानले नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात प्रत्यक्ष एडो नगरी भूकंपाने कोसळली, आणि ह्या साऱ्या उत्पातांना इतिहासात ‘आनसेई’चे भूकंप असेच नाव पडले!

माणसे वाचली तरी ‘दियाना’ अजून तरंगत होती. पुत्यातिनने आशा सोडली नाही. वादळ निवळताच जहाज ओढून हेदास नेण्याचे ठरले. आसपासच्या गावांतून सुमारे शंभर कोळी होड्या जमल्या. १९ जानेवारी रोजी त्यांनी ‘दियाना’ला दोर लावले आणि वल्ह्यांच्या बळावर तो अवजड सांगाडा हळूहळू हलू लागला. दिवस शांत होता. अर्धेअधिक काम झाले असेल नसेल, तोच कोळ्यांचे लक्ष आकाशाकडे गेले. त्यांना तेथे काही दिसले. रशियन लोकांना त्याचा अर्थ कळेना. बघता बघता कोळ्यांनी दोर तोडले आणि होड्या किनाऱ्याकडे पळवल्या. पाहणाऱ्याला हा दगाच वाटावा. पण काही वेळातच वादळी वारा सुटला आणि समुद्र उसळला. ते कोळी त्या पाण्यात आणि त्या वाऱ्यात जन्मले होते. दोर आणखी थोडा वेळ धरून ठेवले असते, तर शंभर होड्यांची माणसे गेली असती आणि जहाज तरीही वाचले नसते. त्या वादळात ‘दियाना’ कलली आणि फुजी पर्वताच्या छायेत सुरुगा उपसागराच्या तळाशी गेली.

आता पुत्यातिनजवळ जहाज नव्हते, तोफा परक्या किनाऱ्यावर होत्या आणि पाचशे माणसे परक्यांच्या अन्नावर जगत होती. अशा माणसाने तहाच्या वाटाघाटी काय कराव्यात? पण नेमक्या ह्याच अवस्थेत त्या पुढे सरकल्या. ७ फेब्रुवारी १८५५ रोजी शिमोद्याच्या चोराकुजी मंदिरात रशिया आणि जपान ह्यांच्यातील पहिल्या तहावर सह्या झाल्या. शिमोदा, हाकोदाते आणि नागासाकी ही बंदरे रशियन जहाजांना खुली झाली, आणि कुरील बेटांतील सीमा एतोरोफू व उरुप्पू ह्या बेटांच्या मधून जाईल असे ठरले; साखालिन बेट मात्र अविभाजित ठेवले गेले. ह्या सीमेचा वाद पुढील शतकात पुन्हा उफाळला आणि तो अद्याप मिटलेला नाही. जपानमध्ये १९८१ पासून ७ फेब्रुवारी हा उत्तरेकडील प्रदेशांचा दिवस म्हणून पाळला जातो, तो ह्याच तहाच्या तारखेवरून.

तह झाला, पण परत जायचे कसे? मध्यंतरी एक फ्रेंच देवमासेमारी जहाज शिमोद्यास आले असता ते पकडण्यासाठी रशियनांनी रातोरात होड्या हाकल्या. पण त्या पोहोचण्यापूर्वीच ते निघून गेले. तेव्हा नवे जहाज स्वतःच बांधावे, असा विचार पुत्यातिनने धरला आणि जपानी सरकारनेही त्याला संमती दिली. ह्या संमतीत केवळ दया नव्हती. पेरी येऊन गेल्यावर, १८५३ मध्येच, मोठ्या जहाजांवरील जुनी बंदी सरकारने उठविली होती. परंतु बंदी उठविल्याने विद्या येत नाही. पाश्चात्त्य पद्धतीचे जहाज खिळ्या-खिळ्यापासून उभे राहताना पाहण्याची अशी संधी पुन्हा चालून येणार नव्हती. देखरेखीचे काम निरायामाचा कारभारी एगावा हिदेतात्सु ह्याच्याकडे आले. तोफा ओतण्याच्या आणि किल्ले बांधण्याच्या कामात गढलेला हा द्रष्टा मनुष्य १८५५ च्या आरंभीच वारला; नवे जहाज पाण्यात उतरलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

पण बांधायचे ते कोणते जहाज? नकाशे तर समुद्रात गेले होते. सुदैवाने वाचलेल्या सामानात रशियन आरमाराच्या मासिकाचा एक जुना अंक निघाला, आणि त्यात ‘ओपित’ नावाच्या एका लहान दोन डोलकाठ्यांच्या नौकेचा आराखडा छापलेला होता. एका मासिकाच्या पानावरून जहाज उभे करायचे ठरले! अलेक्सांद्र कोलोकोल्त्सोव्ह आणि अलेक्सांद्र मोझाय्स्की ह्या तरुण अधिकाऱ्यांनी त्या आराखड्यावरून नवी रेखाटने तयार केली. ह्याच मोझाय्स्कीने पुढे वाफेवर चालणारे विमान बांधण्याचा प्रयत्न केला आणि रशियन विमानविद्येच्या इतिहासात नाव मिळविले.

हेदा आणि भोवतालच्या गावांतून सुतार, लोहार गोळा झाले. त्यांचे सात मुखिये होते. हे सर्व पिढीजात कारागीर होते, पण त्यांचे जहाज निराळ्या जातीचे होते. जपानी जहाज म्हणजे रुंद फळीच्या तळावर जाड फळ्या एकमेकींना खिळवून बनविलेली मोठी पेटी. तिला फासळ्यांचा सांगाडा नसे. पाश्चात्त्य जहाजात आधी पठाणाची लांब तुळई ठेवायची, तिला माशाच्या काट्यासारख्या फासळ्या जोडायच्या, आणि मग त्या सांगाड्यावर फळ्या चढवायच्या. एक पद्धत कवचाची, दुसरी कण्याची. ह्या दोहोंमध्ये शब्दांचाही पूल नव्हता. रशियन मापे जपानी मापांत बदलावी लागली. भागांची नावे दुभाष्याला डच अथवा चिनी वळणाने समजावून द्यावी लागली. आणि ज्यास शब्द सापडेना, ते हाताने करून दाखवावे लागले. फळ्यांच्या फटी बुजविण्यासाठी लागणारे डांबर बाजारात मिळण्यासारखे नव्हते. पाइन वृक्षाच्या लाकडापासून ते तेथल्या तेथे काढण्यात आले. सुतारांनी प्रत्येक गोष्टीची टिपणे केली, आकृत्या उतरवून घेतल्या. रशियन अधिकाऱ्यांनीही काही लपवून ठेवले नाही. गुरूने विद्या हातची राखून ठेवावी, ह्या जगाच्या जुन्या रीतीत हा अपवादच म्हटला पाहिजे.

फेब्रुवारीत पठाण पडले आणि एप्रिल १८५५ च्या अखेरीस जहाज पाण्यात उतरले, म्हणजे कामाला तीन महिनेही लागले नाहीत. उतारावर बसविलेल्या चरबी लावलेल्या वाटेवरून ते आपल्याच वजनाने सरकत समुद्रात गेले. सुमारे ऐंशी फूट लांब, तेवीस फूट रुंद, दोन डोलकाठ्यांचे असे ते जहाज होते. पुत्यातिनने त्याला गावाचेच नाव दिले: ‘हेदा’.

‘हेदा’त पन्नासाहून अधिक माणसे मावणे शक्य नव्हते. दीडशेच्या वर माणसे कप्तान लेसोव्स्कीबरोबर आधीच एका अमेरिकन जहाजाने कामचातकाकडे गेली होती. मे महिन्यात पुत्यातिन सुमारे अठ्ठेचाळीस माणसांसह ‘हेदा’त चढला आणि शत्रूच्या जहाजांना चुकवीत आमूर नदीच्या मुखाशी सुखरूप पोहोचला. मागे राहिलेल्या पावणेतीनशेच्या आसपास माणसांना तेवढे भाग्य लाभले नाही. एका जर्मन जहाजातून जात असता इंग्रजांनी त्यांना ओखोत्स्कच्या समुद्रात कैद केले. त्यांच्यात दुभाषा गोश्केविच होता, आणि त्याच्याबरोबर गुपचूप देश सोडून आलेला एक जपानी, ताचिबाना कोसाई, होता. ह्या दोघांनी मिळून रचलेला पहिला जपानी-रशियन शब्दकोश १८५७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे प्रसिद्ध झाला. हेदाच्या सुतारांना न सापडलेल्या शब्दांचा पूल असा कारावासाच्या वाटेने बांधला गेला.

१८५६ मध्ये रशियाने ‘हेदा’ जपानला परत आणून दिली आणि तिच्याबरोबर ‘दियाना’च्या बावन्न तोफाही भेट म्हणून दिल्या. पण त्यापूर्वीच सुतारांनी आपले काम सुरू केले होते. ‘हेदा’च्याच नमुन्यावर सरकारने आणखी दहा जहाजे बांधविली, सहा हेदा येथे आणि चार एडोजवळच्या इशिकावाजिमा येथे. हेदा ज्या तालुक्यात होते त्यावरून ह्या जातीला ‘किमिसावा’ हे नाव पडले. त्या सात मुखियांपैकी उएदा तोराकिची हा सुतार १८६२ मध्ये सरकारने नेदरलँड्सला पाठविलेल्या विद्यार्थ्यांच्या तुकडीत होता, आणि पुढे योकोसुकाच्या आरमारी गोदीत त्याने अनेक वर्षे काम केले. समुद्रकाठच्या एका खेड्यातील सुताराचा हात असा आधुनिक जपानच्या जहाजबांधणीपर्यंत पोहोचला.

‘दियाना’च्या नोंदींनी आणखी एका ज्ञानात भर घातली. २३ डिसेंबरची लाट पॅसिफिक महासागर ओलांडून बारा-तेरा तासांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली होती. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन दिएगो येथे नुकत्याच बसविलेल्या भरती-ओहोटीच्या स्वयंचलित यंत्रांनी तिची बारीक थरथर कागदावर उमटविली. ती कशाची, हे प्रथम कुणाला उमगेना. शिमोद्याची हकीकत, ‘दियाना’वर नोंदलेल्या वेळांसह कळली, तेव्हा अमेरिकन शास्त्रज्ञ अलेक्झांडर डॅलस बाश ह्याने लाटेच्या वेगावरून त्या महासागराची सरासरी खोली गणिताने काढली. ज्या समुद्राचा तळ दोरीने मोजणे अशक्य होते, तो एका आपत्तीने मोजून दिला.

शिमोद्याच्या ग्योकुसेनजी मंदिराच्या आवारात ‘दियाना’वरील तीन खलाशांच्या कबरी आहेत. ‘दियाना’चे दोन नांगर विसाव्या शतकात समुद्रातून वर काढण्यात आले, त्यांपैकी एक हेदाच्या जहाजबांधणी संग्रहालयापाशी आहे, तर दुसरा मियाजिमाच्या किनाऱ्यावर, आजच्या फुजी शहरात आहे. हे संग्रहालय १९६९ मध्ये उभे राहिले, तेव्हा सोव्हिएट सरकारनेही त्याला द्रव्यसाहाय्य केले होते. पुत्यातिनची कन्या ओल्गा १८८७ मध्ये हेदास येऊन गेली. आपल्या वडिलांना आणि त्यांच्या माणसांना ज्यांनी आसरा दिला, त्या गावासाठी मृत्युपत्रात शंभर रूबल ठेवण्यास ती विसरली नाही.

मधल्या काळात ह्या दोन राष्ट्रांमध्ये १९०४-०५ चे युद्ध झाले, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा शस्त्रे भिडली, आणि बेटांचा तंटा तर चालूच आहे. राजधान्यांनी एकमेकींकडे पाठ फिरविली, त्या वर्षांतही हेदा आणि मियाजिमा येथील लोकांनी ह्या आठवणी पुसून टाकल्या नाहीत. शिमोद्याच्या बंदरात जे जहाज वाचवायचे होते, ते वाचले नाही. परंतु मियाजिमाच्या गावकऱ्यांनी कंबरेला दोर बांधून जी माणसे वर खेचली, त्यांनीच हेदाच्या सुतारांपुढे आपली विद्या उघडी केली. आणि त्या सुतारांनी बांधलेल्या जहाजात बसून पुत्यातिन घरी गेला.